स्किड स्टिअरला ऑगर, ट्रेंचर, कोल्ड प्लेनर: फ्लो पुरेल का?

प्रश्न: माझ्या स्किड स्टिअरचा (छोटा लोडर) हायड्रॉलिक फ्लो, म्हणजे अटॅचमेंटला मिळणारं तेल, मिनिटाला ७५ लिटर, रेटेड (उचलायची) क्षमता ८०० किलो. ऑगरने कुंपणाचे खड्डे, ट्रेंचरने पाइपचा चर आणि पुढे कोल्ड प्लेनर (डांबरी रस्ता खरवडणारा ड्रम). जमेल का?

उत्तर १: ऑगर आणि लहान ट्रेंचर आरामात. हाय-फ्लोचा (जास्त तेल लागणारा) प्लेनर मात्र घेऊ नका. कमी फ्लोवर ड्रम अडकतो, तेल तापतं. मोटरला केस ड्रेनची (मोटरच्या आत झिरपलेलं तेल परत नेणारी) तिसरी नळी असेल तर ती जोडल्याशिवाय फिरवू नका, शाफ्टचं सील फुटतं.

उत्तर २: वजनही बघा. ही रेटेड क्षमता टिपिंग लोडच्या (ज्या वजनाला यंत्र पुढे कलंडतं) निम्मी धरलेली असते. जड अटॅचमेंट लावलं की तेवढा माल कमीच उचलायचा.

उत्तर ३: कपलर (तेलाच्या नळ्या जोडायचं टोक) बसत नसेल तर हातोडा नको! आत दाब अडकलेला असतो. इंजिन बंद करून ऑक्झिलरीचा (अटॅचमेंटला तेल देणाऱ्या लाइनचा) दाब सोडा, टोकं पुसा, मग जोडा. आणि अटॅचमेंट यंत्राला धरून ठेवणाऱ्या दोन्ही लॉक पिना त्याच्या खालच्या भोकांतून आरपार दिसल्याच पाहिजेत.