सोसायटीच्या पार्किंगला पुन्हा डांबर टाकावं का? जुळे सोलापूर, सल्ला हवाय

बीविंग_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमची 24 फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण 6,000 चौरस फूट मोकळी जागा आहे, तीच आमची पार्किंग. पाच वर्षांपूर्वी तिथं डांबराचं कार्पेट मारलं होतं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कंपाउंडच्या भिंतीला समांतर भेगा पडल्या, आता त्यात नाणं उभं जातं. गेटजवळ टँकर वळतो तिथं खड्डे झालेत. परतीच्या पावसात मागच्या कोपऱ्यात चार-चार दिवस पाणी साचून राहतं. मागच्या आठवड्यात ए विंगमधल्या आजी त्या खड्ड्यात पाय अडकून पडल्या, मनगटाला प्लॅस्टर आहे. त्यामुळे आता हे पुढं ढकलायचं नाही, असं ठरलंय.

तीन जणांची कोटेशन आलीत. एक म्हणतो, आहे त्यावरच इंचभर कार्पेट मारू, दोन दिवसांत काम संपेल. दुसरा म्हणतो, सगळं उकरा आणि पेव्हर ब्लॉक बसवा. तिसरा फक्त सीलकोट मारून देतो म्हणतो, दर सगळ्यात कमी. मीटिंगमध्ये बहुतेकांचा कल तिसऱ्याकडे आहे. मला त्यातलं काही कळत नाही, पण पैसे 24 घरांचे आहेत. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

मुरूमखडी

ताई, मी वीसेक वर्षं रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो. तुम्ही भेगा भिंतीला समांतर आहेत असं लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आहे. ही काळ्या मातीची खूण. आपली माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. डांबराखाली मधोमध ओल टिकून राहते, कडेची मात्र एप्रिल-मे मध्ये पार वाळते. मधली माती जागेवर, कडेची आकसलेली, म्हणून कडेपासून दोन-चार फुटांवर लांबच लांब भेग पडते. पुढच्या पावसात त्याच भेगेतून पाणी आत जातं आणि माती परत फुगते. असं दोन-तीन वर्षं झालं की वरचं डांबर कितीही चांगलं असो, टिकत नाही.

म्हणून पहिल्यावाल्याचं ऐकू नका. भेगेवर इंचभर कार्पेट मारलं तर खालची भेग एक-दोन उन्हाळ्यांत वर येते. शिवाय जमीन इंचभर उंच होते. लिफ्टच्या आणि जिन्याच्या तोंडाशी उतार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, नाहीतर पाणी घरात यायचं.

तिसऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा. सीलकोट हा चांगल्या पृष्ठभागावरचा लेप आहे, त्यानं खड्डा भरत नाही आणि पाया धरत नाही. 20 मिमीच्या उघड्या (सच्छिद्र) कार्पेटवर सीलकोट हवाच, कारण त्या कार्पेटमधून पाणी खाली झिरपतं. तुमच्या कार्पेटवर पाच वर्षांपूर्वी तो मारला होता का, हे जुन्या बिलात बघा. बहुतेक नसेल.

कोणालाही पैसे देण्याआधी एक काम करा. एक खड्डा भेगेजवळ आणि एक मधोमध, असे दोन खणून घ्या, दोन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल. डांबर किती जाड, खाली खडी आहे का, मुरूम किती, काळी माती कुठं सुरू होते आणि कठीण मुरूम कुठं लागतो, हे टेपनं मोजून फोटोसकट लिहून ठेवा. मजुराची एक दिवसाची हजेरी लागेल, पण तीन कोटेशनपैकी कोण काय लपवतोय ते त्या खड्ड्यात दिसेल.

होटगीरोडकर

ताई, तिसऱ्यापासून खरंच सावध राहा. आमच्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगला एकानं असंच सीलकोट म्हणून काहीतरी मारलं. काळंभोर दिसलं, लग्नसराईत लोकांनी कौतुक केलं. नंतर कळलं, गाडीचं वापरलेलं काळं ऑइल मिसळून फिरवलं होतं. पेट्रोल, डिझेल, ऑइल ही सगळी डांबराला विरघळवतात. एका उन्हाळ्यात वरची खडी सुटी होऊन चपलेला चिकटायला लागली, नवरीच्या शालूलाही डाग पडले. तो माणूस नंतर फोन उचलेना. बॅरल कंपनीचं सीलबंद आहे का, ते समोर उघडायला लावा.

सोलापूर_ते_टेक्सास

मी ऑस्टिनला असतो, मूळचा साखर पेठेतला. यूट्यूबवर दिसणारे ड्राइव्हवे सीलकोटचे व्हिडिओ बहुतेक इकडचेच असतात. ते बघून कुणी आपल्याकडे तसंच करायला गेलं तर फसेल. इथल्या थंड राज्यांत भेगेत पाणी शिरून गोठतं, फुगतं आणि डांबर फोडतं, म्हणून दर काही वर्षांनी भेगा भरणं आणि लेप देणं हा तिथला नेम आहे. सोलापुरात पाणी गोठत नाही, तिथं ऊन आणि काळी माती आहे. आणखी एक, आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू येतात. कोळशापासूनचं कोलतार आणि खनिज तेलापासूनचं बिटुमेन. रस्त्याला आता बिटुमेनच वापरतात. कोलतारच्या सीलकोटमधून विषारी रसायनं धुऊन ओढ्यात जातात, म्हणून ऑस्टिन शहरानं 2006 पासून त्यावर बंदी घातली. मुलं खेळतात ती जागा असेल तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

अक्कलकोटरोड_शेड

माझं मत पेव्हर ब्लॉकला. आमच्या कारखान्याच्या आवारात 80 मिमीचे बसवलेत, ट्रक येतात-जातात. पाइप फुटला तर ब्लॉक काढायचे, दुरुस्ती करायची, परत बसवायचे. डांबर उकरलं की ते ठिगळ कायमचं दिसतं. मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की टू-व्हीलरचं स्टँड डांबरात रुततं, ब्लॉकवर तो प्रश्नच नाही.

मुरूमखडी

अण्णा, ब्लॉकबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण ब्लॉकखालीही तीच माती असते. पाया न करता नुसत्या कचीवर (दगडाच्या चुऱ्यावर) बसवलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत लाटांसारखे वरखाली झालेले मी शहरात कितीतरी ठिकाणी पाहिलेत. फरक एवढाच की ब्लॉक उचलून परत बसवता येतात. पायाचा खर्च दोन्हीकडे सारखाच. ताईंच्या खड्ड्यांची बातमी येऊ दे, मग बोलू.

बीविंग_सेक्रेटरी

काल दोन्ही खड्डे खणले. मी स्वतः टेप धरून उभी होते. भिंतीजवळ डांबर जेमतेम अर्धा इंच निघालं, बिलात एक इंच लिहिलंय. त्याखाली तीन-चार इंच मऊ मुरूम, आणि मग सरळ काळी माती, दोन फुटांपर्यंत. त्याखाली कठीण मुरूम. मधोमध मात्र काळी माती सहाच इंच आहे आणि लगेच मुरूम लागला. सीलकोटची नोंद जुन्या बिलात नाही. मीटिंगमध्ये फोटो दाखवले, तेव्हा सगळे गप्प झाले.

आता प्रश्न असे. भिंतीच्या कडेनं काय करावं? पाणी चार-पाच दिवसांआड येतं तेव्हा टँकर लागतोच, त्याचं काय? आणि कामाचं मोजमाप कसं घ्यायचं?

मुरूमखडी

ताई, तुम्ही छान केलंत. आता सविस्तर लिहितो.

कडेचा सहा-सात फुटांचा पट्टा पूर्ण दोन फूट उकरून काळी माती आवाराबाहेर टाका. किंवा बागेत पसरा, पण परत भरावात येऊ देऊ नका. ठेकेदार वाहतूक वाचवायला हमखास तेच करतो. कठीण मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. दोन फूट एकदम भरून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा थर दबतो. भिंतीला लागून रोलर कंपन बंद ठेवून चालवा, नाहीतर जुन्या भिंतीला तडे जातात. मधल्या भागात सहा इंचांची काळी माती काढली की भागेल.

मुरमावर तीन-तीन इंचांचे दोन थर खडीकरण. त्याआधी गेटपासून मीटरच्या खोलीपर्यंत दोन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवा. उद्या कोणी चार्जिंगची केबल टाकायची म्हटलं तर नवं डांबर फोडावं लागणार नाही. हे लोक नेहमी विसरतात आणि वर्षभरात रस्त्यावर चर पडतो.

उतार खडीच्या थरातच काढायचा, डांबरात नाही. दर दहा फुटांना दोन इंच धरा. पाणी मागच्या कोपऱ्याकडे जातंच आहे, तर तिथं जाळीची गटार करून ते शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाला न्या, पण तो खड्डा पार्किंगच्या कडेला चिकटून नको. ज्या कडेची माती बदलायला एवढा खर्च करताय तीच परत भिजेल.

मग प्राइम कोट (खडीत मुरणारा पातळ डांबराचा थर), तो मुरला की डांबर. उन्हाचा विचार करून आपल्याकडे व्हीजी-30 ग्रेडचं डांबर घेतात, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. माल ताडपत्री झाकून यायला हवा. गाडीतला माल साधारण 140-150 अंशांवर असावा आणि रोलिंग 90-100 च्या खाली जायच्या आत संपावं. थर्मामीटर मागा. नाही म्हणाला तर समजून घ्या. लांबून आणलेला थंड माल वरून सपाट दिसतो, पण आत पोकळ राहतो. मिश्रण सैल करायला त्यात रॉकेल ओतताना कोणी दिसला तर काम तिथंच थांबवा.

मोजमापाचं असं. 6,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 557 चौरस मीटर. 25 मिमीचा दाबलेला थर म्हणजे 14 घनमीटर, घनमीटरला साधारण 2.3 टन धरले तर 32 टन माल. प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती घ्या आणि बेरीज करा. 20 टनच आला तर एक इंच पडलाच नाही, हे कोणाशी वाद न घालता सिद्ध होतं. गेल्या वेळी तुमचं नुकसान इथंच झालंय. डांबराचा भाव पंधरवड्याला बदलतो, म्हणून कोटेशन किती दिवसांसाठी आहे तेही विचारा.

टँकर वळतो तेवढ्या तुकड्याला डांबर नकोच. भरलेला दहा हजार लिटरचा टँकर, पाणीच दहा टन, जागेवर स्टिअरिंग फिरवतो तेव्हा डांबर पिळलं जातं. तिथं काँक्रीट करा किंवा अण्णा म्हणतात तसे 80 मिमीचे ब्लॉक. टू-व्हीलरचा पट्टाही ब्लॉकचाच ठेवा, 60 मिमी चालतील. राहिलेल्या भागात डांबर, आणि टनांचा हिशोब तेवढ्याच क्षेत्राचा करा. जिथं दोन्ही मिळतात तिथं आणि सगळ्या उघड्या कडांना कर्ब (कडेचे दगड) हवेच, नाहीतर डांबराची कड तुटत जाते.

अक्कलकोटरोड_शेड

असं मिसळून केलं तर माझी काही हरकत नाही. फक्त ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं आधीच नव्या लेव्हलला उचलून घ्या. आमच्याकडे एक झाकण डांबराखाली गाडलं गेलं आणि चोकअप झाल्यावर तीन ठिकाणी फोडून शोधावं लागलं.

होटगीरोडकर

काम कधी काढताय? दिवाळीनंतर लगेच नको. परतीच्या पावसानं माती तेव्हा फुगलेली असते. आमचं आम्ही सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी घेतलं. मजूरही तेव्हा नीट मिळतात.

बीविंग_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीत काम काढायचं ठरलं. तिघांनाही नव्यानं, थरवार कोटेशन द्यायला सांगितलंय: उकरणे, मुरूम, खडी, डांबर आणि ब्लॉक यांचे दर वेगवेगळे. पहिल्यावाल्यानं नकार दिला. तोवर गेटजवळचा खड्डा चौकोनी कापून, झाडून, कोल्ड मिक्सच्या (न तापवता वापरायच्या तयार डांबर-खडीच्या) पिशव्यांनी भरून घेतेय, म्हणजे परत कोणी पडणार नाही. आजींचं प्लॅस्टर पुढच्या महिन्यात निघेल.

मुरूमखडी

खड्ड्याच्या कडा उभ्या कापा, तिरक्या नकोत, आणि भराव अर्धा इंच वर ठेवून ठोका. टँकर पुढचे दोन दिवस बाहेरच उभा करून पाइपनं पाणी घ्या.