धैर्य, धीर, धिटाई, निर्भीडपणा: प्रेषितांनी नेमकं काय मागितलं?

शरणपूर, नाशिक (प्रश्न)
सर्वांना सलाम. येत्या रविवारी युवक संघात बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 4 वर मला बोलायचं आहे. येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान यहूदी न्यायसभेपुढे उभे राहतात, तिथून ‘येशूच्या नावाने बोलू नका’ अशी धमकी ऐकून सुटतात आणि मंडळीत परत येऊन प्रार्थना करतात. आपल्या बायबलात तिथे ‘धैर्य’ आहे. पण आमच्या मुलांना धैर्य म्हटलं की आजारपण आठवतं, कारण घरोघरी प्रार्थना तशीच ऐकू येते: ‘देवा, त्या कुटुंबाला धैर्य दे.’ इथे ‘निडर’ म्हणू का? की ‘बेधडक’?

नाशिकरोड
ताई, दोन्ही नकोत असं माझं मत. ‘निडर’ म्हणजे ज्याला भीतीच नाही तो. प्रेषितांची भीती गेली, असं त्या अध्यायात कुठेच म्हटलेलं नाही. आणि ‘बेधडक’ माणूस परिणामांचा विचार करत नाही. यांनी तर प्रार्थनेत त्या धमक्यांचा उल्लेख केला आहे. धमक्या थांबव, असंही ते म्हणत नाहीत. तुझं वचन सांगायला धैर्य दे, एवढंच मागतात. धैर्य सोसायला नको आहे, बोलायला हवं आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘पारेसिया’. ‘सगळं’ आणि ‘बोलणं’ यांची ती जोड आहे. अथेन्समध्ये स्वतंत्र नागरिकाला सभेत मनातलं उघड बोलण्याचा हक्क होता, त्याचं हे नाव. गुलामाला तो हक्क नव्हता. या अध्यायात हा शब्द 13, 29 आणि 31 या तीन ओव्यांत येतो, आणि तो कुणासाठी येतो ते पाहा: न्यायसभेच्या दृष्टीने अशिक्षित असलेल्या मासे धरणाऱ्यांसाठी.

मला मराठीत याच्या सर्वांत जवळचा वाटतो तो ‘निर्भीडपणा’. कारण भीड म्हणजे भीती नव्हे. वरिष्ठ खोटं बिल लावायला सांगतात आणि आपण मान डोलावतो, ती भीड. डबा खाताना कुणी विचारतं, ‘रविवारी सकाळी कुठे असता हो?’ आणि ‘उपासनेला’ हा साधा शब्द घासाबरोबर गिळला जातो, ती भीड. तिथे जिवाला काही धोका नसतो, समोरचा काय म्हणेल एवढंच असतं. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

पेत्राचंच पाहा. येशूला धरायला बागेत शिपाई आले तेव्हा त्याने तलवार उपसली. म्हणजे शौर्य होतं. त्याच रात्री दारावरच्या दासीने विचारलं, तूही त्या माणसाच्या शिष्यांपैकी का? आणि हा म्हणाला, मी नाही. तलवार चालवणाऱ्या हाताला जे जमलं ते जिभेला जमलं नाही. अध्याय 4 मध्ये ती जीभ सुटली आहे. मुलांना एवढं जरी सांगितलंत तरी अर्थ पोचेल.

पंचवटी
एक भर. योहान 16:33 मध्ये येशू ‘धीर धरा’ म्हणतो, तिथे ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे, ‘थार्सेओ’. त्याचं आपल्या ‘धृष्’ धातूशी नातं आहे. ‘धृष्ट’वरून मराठीत ‘धीट’ आला. म्हणजे भाषेच्या नात्याने तिथे ‘धीट व्हा’ जवळचं ठरतं. पण आज ‘धिटाई’ म्हटलं की उद्धटपणाचा वास येतो, त्यामुळे ‘धीर धरा’ हेच योग्य. ‘धारिष्ट’ मात्र परत वापरात यावा असं मनापासून वाटतं. रामदासांच्या मराठीतला शब्द आहे, आणि ‘बोलायचं धारिष्ट’ आजही सहज म्हणता येतं.

देवळाली
शरणपूरच्या मुलांना उदाहरण घरचंच द्या की. गुलामांच्या जहाजांवरून सुटका केलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने आपल्या नाशिकला ठेवून शिकवलं. जेकब वेनराइट त्यातलाच. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा वेनराइटने अंत्यविधीचा पाठ वाचला. मग सुसी, चुमा, वेनराइट आणि बाकीचे साथीदार ते शव घेऊन समुद्राकडे निघाले. पंधराशे किलोमीटरहून जास्त वाट, कित्येक महिन्यांची. मध्ये कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याचं म्हणणं पडलं, शव इथेच पुरा. यांनी ऐकलं नाही. ते चालत राहिले ते किनाऱ्यापर्यंत. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये दफन झालं तेव्हा वेनराइट तिथे हजर होता.

वाट तुडवणं हा धीर. पण साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं हा निर्भीडपणा. आणि ते म्हणणाऱ्यांत एके काळी गुलाम म्हणून नेला जाणारा मुलगा होता, हे वर सांगितलेल्या अथेन्सच्या हक्काशेजारी ठेवून बघा.

पंचवटी
छान. पण धीराला कमी लेखू नका. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असतात, ती बहुतेक धीरच मागायला. आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या जलालपूरच्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षं त्यांनी ताटातूट सोसली, सोवळं सांभाळलं, आणि पटलं तेव्हा स्वतःच्या पायांनी गेल्या. याला मी धैर्यच म्हणेन.

शरणपूर, नाशिक
काका, ताई, सगळ्यांचे आभार. मग वाचताना ‘धैर्य’च वाचते आणि समजावताना ‘निर्भीडपणे बोलण्याचं धैर्य’ म्हणते. चालेल?

नाशिकरोड
चालेल, उत्तम. फक्त ‘निर्भीडपणे’च्या पुढे बोलणं, सांगणं, विचारणं, नकार देणं असंच काही येऊ द्या. ‘आजार निर्भीडपणे सोसला’ हे मराठीत बसत नाही, तिथे ‘धीराने’. इब्री 4:16 मध्ये कृपेच्या राजासनाजवळ ‘धैर्याने’ जायचं आहे, तिथेही मूळ शब्द पारेसियाच. तिथे ‘भीड न धरता’ म्हणून बघा. देवापुढे संकोचणाऱ्या मुलांना ते लगेच कळतं.