गंगाजल करार आणि स्थलांतर: विद्यापीठांच्या संशोधनाचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न:
भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगाजल करार १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांसाठी झाला. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी तो वाचताना जाणवले, की त्यात जानेवारी ते मे या काळातील फराक्का (पश्चिम बंगालमधील गंगेवरचा बंधारा) येथील पाण्याची दहा-दहा दिवसांची वाटणी अगदी तपशिलाने आहे. मात्र गाळाची आणि काठ खचल्यामुळे गाव सोडणाऱ्या माणसांची दखल नाही. ही उणीव विद्यापीठांचे संशोधन भरून काढू शकेल का?

उत्तर १:
काही अंशी नक्कीच. प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे पाणी, हे सूत्र ठरवता येते. माणसे का निघून जातात याचे सूत्र नसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डेक्मा’ या त्रिभुज प्रदेशांतील स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पात ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठासोबत ढाक्याचे बुएट हे अभियांत्रिकी विद्यापीठ आणि कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ होते. बहुतेक स्थलांतरितांनी रोजगार हेच कारण सांगितले, पर्यावरणाचे नाव फार थोड्यांनी घेतले. म्हणून नदीचा संबंध नाही असे मात्र कृपया लिहू नका, कारण शेत खारावले की माणूस ‘काम नाही’ एवढेच सांगतो. सीमेच्या दोन्ही बाजूंचे संशोधक एकत्र बसून असे अर्थ लावतात, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २:
पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात पंचानंदपूरजवळ गंगेच्या मी काठावर उभा होतो, तेव्हा एका घराची विटांची जमीन अर्धी तुटून पाण्यावर लोंबत होती आणि हातपंपाचा पाइप प्रवाहात एकटाच उभा होता. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या बाजूला गाळ साचत गेला आणि प्रवाह डाव्या काठाला कुरतडू लागला. गेलेली जमीन पलीकडे झारखंडच्या बाजूला ‘चर’ म्हणजे नदीतले गाळाचे बेट होऊन वर येते, आणि तिथे राहायला गेलेल्यांना आपण नेमके कोणत्या राज्याचे, हेच सिद्ध करावे लागते. तेव्हा सहकार्याचा प्रश्न दोन देशांइतकाच दोन राज्यांचाही आहे.

उत्तर ३:
वरील मुद्द्याला जोडून: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी नदीकाठच्या धूपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. तो पैसा मागायचा तर कोणाची जमीन कोणत्या वर्षी गेली याची नोंद लागते, आणि जुने नकाशे, उपग्रहचित्रे व घरोघरची पाहणी जुळवून ती नोंद विद्यापीठे तयार करू शकतात. प्रबंधिकेत एक प्रकरण यावर अवश्य लिहा.