कम्युनिटी कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुखपद: प्रशिक्षकाने अर्ज करावा का?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या महाविद्यालयात) मी सहा वर्षांपासून महिलांच्या व्हॉलीबॉल संघाची अर्धवेळ प्रशिक्षक आहे. आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख, पुढील वर्षी निवृत्त होत असून त्या जागेसाठी मी अर्ज करावा, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. संघ सांभाळणे मला जमते. परंतु सगळा विभाग सांभाळायचा म्हणजे नेमके काय करावे लागते, आणि त्याआधी पदव्युत्तर पदवी घ्यायलाच हवी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी हे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून आधीच सांगतो की या पदावर खेळापेक्षा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनजेसीएएच्या नियमानुसार हंगाम चालू असताना खेळाडूची किमान १२ क्रेडिटची (घेतलेल्या विषयांच्या अभ्यासभाराच्या एककांची) नोंदणी टिकून राहावी लागते. एकदा सामन्याच्या आदल्या दिवशी यादी पडताळताना आमच्या एका बास्केटबॉलपटूच्या नावापुढे ९ हा आकडा दिसला. रात्रपाळी करून सकाळी आठच्या गणिताच्या तासाला पोहोचणे होईना, म्हणून त्याने तो विषय सोडून दिला होता, आणि तसे केल्यास खेळता येणार नाही हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी संघ मैदानात उतरला तेव्हा तो साध्या कपड्यांत बाकावर बसून होता. चूक त्याची नव्हती, आमच्या विभागाची होती. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी नोंदणीची यादी मी स्वतः पाहत असे आणि कोणी विषय सोडण्याच्या बेतात असेल, तर त्याला आधी समुपदेशकाकडे घेऊन जात असे. दोन वर्षांत जवळजवळ सगळा संघ बदलतो, त्यामुळे हे सारे दर वर्षी नव्या मुलांना पहिल्यापासून समजावावे लागते. या कामाचा आपल्याला कंटाळा येणार नसेल, तर अर्ज अवश्य करा.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त आपले कॉलेज कोणत्या संघटनेत आहे, यावर बरेच अवलंबून असते. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या एनजेसीएएच्या पहिल्या श्रेणीत (डिव्हिजन वन) राहण्याजेवणासह पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, तर तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांची संघटना वेगळी आहे आणि तेथेही अशी शिष्यवृत्ती नाही. जिथे शिष्यवृत्ती नसते, तिथे चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे प्रवेश मिळण्याची वाट किती पक्की आहे, हेच आपण खेळाडूला देऊ शकतो.

पदवीविषयी म्हणाल, तर बहुतेक जाहिरातींत पदव्युत्तर पदवीची अट किंवा निदान पसंती असते, त्यामुळे ती टाळू नये. मात्र ती क्रीडा व्यवस्थापनातीलच हवी, असे मला वाटत नाही. उच्च शिक्षण प्रशासनातील पदवीही तितकीच कामी येते, कारण डायरेक्टरला रोजचा संबंध विद्यार्थी सेवा, प्रवेश आणि आर्थिक साहाय्य या विभागांशीच ठेवावा लागतो.

तिसरा प्रतिसाद

पदवी होईपर्यंत थांबू नका. निवृत्त होणारे डायरेक्टर अजून वर्षभर आहेत, ही मोठी संधी आहे. महाविद्यालयांना खेळातील स्त्री-पुरुष समानतेचा अहवाल दर वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय शिक्षण खात्याकडे द्यावा लागतो. त्यात प्रत्येक खेळातील खेळाडूंची संख्या, प्रशिक्षकांचे वेतन आणि खर्च असतो. या वर्षीचा अहवाल तयार करण्यात मदत करण्याची परवानगी त्यांच्याकडे मागा. कम्युनिटी कॉलेजांत एकूण विद्यार्थ्यांत स्त्रिया निम्म्याहून अधिक असतात, पण संघांत तसे चित्र क्वचितच दिसते, आणि शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याचे उत्तरदायित्व नव्या डायरेक्टरवरही येते. महिलांचा संघ सहा वर्षे घडवलेल्या व्यक्तीला यातल्या अडचणी इतर उमेदवारांपेक्षा जवळून ठाऊक असतात, म्हणून मुलाखतीत हा विषय आपणच काढा. त्याचबरोबर एखाद्या खेळाचे संपूर्ण अंदाजपत्रक, म्हणजे प्रवास, पंच, गणवेश, विमा आणि अर्धवेळ प्रशिक्षकांचे मानधन, स्वतः मांडून त्यांच्याकडून तपासून घ्या.