मदत हवी आहे: विंडोज ९८ वरून डोमेनला लॉगिन होत नाही, डीएस क्लायंट टाकूनही

सोलापूरकर_हार्डवेअर

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एका चादर-टॉवेलच्या कारखान्यातलं कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम मी बघतो. तिथे जकार्डची कार्डं (विणकामातली नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं) पंच करणारं एक मशिन आहे आणि ते चालतं विंडोज ९८ सेकंड एडिशनवर. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम. "पीसी बदला" हे उत्तर कृपया नको. मशिनचं कंट्रोल कार्ड आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं, त्याचा ड्रायव्हर व्हीएक्सडी या ९८ च्या जमान्यातल्या जातीचा आहे, म्हणजे एक्सपीवरही चालायचा नाही, आणि मशिन बनवणारे कधीच धंदा गुंडाळून गेले. मालक म्हणतात, भोकं नीट पडतायत ना, मग त्याला हात लावू नका.

आता अडचण. डिझाइनच्या फाइली ऑफिसातल्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर २००८ आर२ आहे, पण डोमेन (सगळ्यांचे युजर-पासवर्ड सर्व्हरवर एकत्र ठेवायची व्यवस्था) मूळचं विंडोज २००० सर्व्हरवरचं. माझ्या आधीच्या माणसाने २००८ आर२ त्याच डोमेनमध्ये जोडला आणि मग जुना काढून टाकला. पंचिंगच्या पीसीसाठी 'पंच' नावाचा युजर २००० सर्व्हरच्या काळापासूनचा आहे आणि त्याचा पासवर्ड तेव्हापासून कोणी बदललाच नव्हता. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. गेल्या महिन्यात एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला, त्याला पासवर्ड माहीत होता म्हणून ऑफिसने तो बदलला. त्या दिवसापासून ९८ वर एकच पाटी येते: डोमेनचा पासवर्ड चुकीचा आहे किंवा लॉगऑन सर्व्हरने प्रवेश नाकारला आहे.

हाच युजर, हाच पासवर्ड शेजारच्या विंडोज ७ च्या पीसीवर टाकला की झटक्यात आत. कहर म्हणजे वैतागून जुनाच पासवर्ड परत ठेवून पाहिला, तरी ९८ वर नाहीच!

काय काय करून झालंय ते सांगतो, म्हणजे पुन्हा तेच सुचवायला नको. पिंग जातंय. सर्व्हरवर विन्स (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नाही, त्यामुळे एलएमहोस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचा आयपी, नाव आणि डोमेनची नोंद आहे, एनबीटीस्टॅट कमांडमध्ये ती दिसते. विंडोज फोल्डरमधल्या पासवर्ड साठवणाऱ्या पीडब्ल्यूएल फाइली उडवल्या. पासवर्ड १० अक्षरी आहे, म्हणजे ९८ च्या १४ अक्षरांच्या मर्यादेत. डोमेन कंट्रोलरच्या (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) पॉलिसीत 'डिजिटल साइन, नेहमी' ही सक्ती आधीच्या माणसानेच बंद ठेवलेलं आहे. शेवटी विंडोज २००० सर्व्हरच्या सीडीतल्या क्लायंट्स फोल्डरमधून डीएस क्लायंट (९८ ला नव्या डोमेनशी बोलता यावं म्हणूनचं मायक्रोसॉफ्टचं जोड-सॉफ्टवेअर) टाकला. एका लेखात होतं म्हणून रजिस्ट्रीत कंट्रोलखाली एलएसए ही की (ती नव्हतीच) बनवली आणि तिच्यात 'एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल' अशी डीवर्ड व्हॅल्यू ३ दिली. रीस्टार्ट केला. पाटी तीच.

सध्या डिझाइन फ्लॉपीवरून नेतायत. पेन ड्राइव्हला ९८ मध्ये ड्रायव्हर नाही, आणि चांगल्या फ्लॉप्या आता आणायच्या कुठून? ऑफिस ते पंचिंग खोली अशा चकरा मारून तिथला पोरगा वैतागलाय. कोणाला काही सुचतंय का?

लॅनवाला_नाशिक

एलएमहोस्ट्स फाइलला शेवटी टीएक्सटी लागलेलं नाही ना, ते बघा. नोटपॅड गुपचूप लावतं. आणि 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स'च्या प्रॉपर्टीत डोमेनचं छोटं नाव टाकलंय की टिंबं असलेलं लांबलचक? ९८ ला फक्त छोटं कळतं.

एक शंका. लॉगिन राहू द्या ना बाजूला. नुसता ड्राइव्ह मॅप करताना वेगळा युजर-पासवर्ड देता येणार नाही का?

सोलापूरकर_हार्डवेअर

टीएक्सटी नाही, नाव छोटंच आहे. नाव-पत्त्याचा घोळ असता तर 'पासवर्ड तपासायला डोमेन सर्व्हर उपलब्ध नाही' अशी पाटी आली असती. इथे सर्व्हर सापडतोय, पण दारातून हाकलतोय.

मॅपिंगचं म्हणाल तर ९८ मध्ये वेगळा युजर देताच येत नाही. ज्या नावाने लॉगिन कराल तेच नाव पुढे जातं. तिथेच सगळं अडलंय.

जुनं_खोड

सोलापूरकर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. जुना पासवर्ड परत ठेवूनही चालत नाही, हे वाचलं आणि खात्री पटली.

कोऱ्या विंडोज ९८ ला फक्त एलएम (लॅन मॅनेजर) पद्धतीने ओळख पटवता येते. पासवर्ड सगळा कॅपिटलमध्ये करायचा, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडायचे आणि त्यांचा हॅश (पासवर्डवरून काढलेली सांकेतिक खूण) काढायचा, अशी ती ओएस/२ च्या जमान्यातली रीत. सर्व्हरला हे तपासायचं तर त्याच्याकडेही त्या युजरचा एलएम हॅश साठवलेला हवा. विंडोज २००० सर्व्हर प्रत्येक युजरचे दोन हॅश ठेवायचा, एक एलएमचा, एक एनटी या नंतरच्या पद्धतीचा. सर्व्हर २००८ पासून एलएम हॅश न साठवणं हेच डीफॉल्ट झालं. पण ती पॉलिसी आधीच साठवलेला हॅश पुसत नाही. पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की मग तो जातो. तुमचा २००८ आर२ त्याच डोमेनमध्ये जोडला गेला, तेव्हा जुने हॅश जसेच्या तसे त्याच्याकडे आले. 'पंच'चा पासवर्ड कोणी बदललाच नाही म्हणून इतकी वर्षं निभावलं. ऑफिसने बदलला आणि एलएम हॅश गेला. जुनाच पासवर्ड पुन्हा ठेवलात तरी साठवताना फक्त एनटी हॅशच साठतो. विंडोज ७ ला एनटी हॅश पुरतो, म्हणून तिथे तक्रार नाही.

आता कोणीतरी येऊन सांगेल की सर्व्हरवरची ती पॉलिसी बंद करा आणि पासवर्ड परत बदला. त्याने काम होईल, पण करू नका. एका पंचिंग मशिनपायी अख्ख्या कारखान्याचे एलएम हॅश सर्व्हरवर साठू लागतील, आणि ते फोडायला आज साधा पीसीसुद्धा पुरतो.

डीएस क्लायंट टाकलात ते योग्यच. त्याने ९८ ला एनटीएलएम व्हर्जन २ ही नवी ओळख-पद्धत बोलता येते आणि त्याला एनटी हॅशच लागतो. पण नुसता टाकून भागत नाही, रजिस्ट्रीत चालू करावा लागतो. तुमच्या लेखाने दिलेलं नाव एनटी आणि २००० साठीचं आहे. ९८ मध्ये व्हॅल्यूचं नाव नुसतं 'एलएम कम्पॅटिबिलिटी', शेवटचं 'लेव्हल' नाही. तुम्ही टाकलेलं नाव ९८ बघतच नाही, त्यामुळे ना एरर ना परिणाम. आणि ९८ मध्ये ० किंवा ३ एवढेच आकडे चालतात. एनटीच्या लेखांत ५ पर्यंत दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका.

आधी क्लायंट नीट बसलाय का बघा. स्टार्ट, फाइंड, पीपल उघडा. तिथल्या यादीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी दिसली तर बसलाय.

सोलापूरकर_हार्डवेअर

खोडसाहेब, तुम्हाला साष्टांग नमस्कार!

फाइंडमध्ये अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी दिसत होतीच. व्हॅल्यूचं नाव बदललं, ३ ठेवले, मशिन बंद करून चालू केलं आणि पहिल्या झटक्यात लॉगिन. लॉगिन स्क्रिप्टची काळी खिडकी उघडलेली बघून पोराने टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं लचांड. जुना 'डिझाइन' फोल्डर दिसतो, उघडतो. पण ऑफिसने मधल्या काळात नवीन कामांसाठी लांब नावाचा दुसरा फोल्डर शेअर केलाय. तो विंडोज ७ ला दिसतो, ९८ च्या नेटवर्क नेबरहूडमध्ये दिसतच नाही. परवानग्या दोन्हीकडे सारख्याच आहेत.

लॅनवाला_नाशिक

हे मला येतं! शेअरचं इंग्रजी नाव १२ अक्षरांपेक्षा मोठं असेल तर ९८ ला ते दिसत नाही. त्याच फोल्डरला दुसऱ्या छोट्या नावाने आणखी एकदा शेअर करा. ऑफिसच्या लोकांना काही बदलायला नको.

स्वाती_सर्व्हररूम

दादा, काम झालं ते छान, पण एक विचारते, रागावू नका. हा २००८ आर२ अजून किती दिवस ठेवणार? त्याचे सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. ९८ चे तर ११ जुलै २००६ लाच.

डीएस क्लायंटने ९८ आधुनिक होत नाही. कर्बेरॉस (ओळख पटवायची नवी पद्धत) त्यात नाही, ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लावायचे नियम) लागू होत नाही, आणि फाइली अजूनही एसएमबी १ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवरूनच जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, तरी ज्यांनी टाकला नव्हता त्यांची वाट लागली. तुमच्या सर्व्हरवर तो पॅच आहे का, हे आजच बघा. उद्या मालकांनी सर्व्हर २०१९ घेतला तर त्यात एसएमबी १ मुळात बसवलेलंच नसतं आणि हे सगळं पुन्हा बंद पडेल. तेव्हा डोमेन कंट्रोलरवर एसएमबी १ चालू करायचा मोह होईल. तेवढं टाळा.

आमच्याकडे एका जुन्या कटिंग मशिनसाठी असं केलंय: भंगारातला एक पीसी, त्यात दोन लॅन कार्डं, वर लिनक्स. एका कार्डातून तो ऑफिसच्या नेटवर्कला, दुसऱ्यातून थेट एकाच केबलने ९८ ला. सर्व्हरवरचा फोल्डर रोज त्याच्याकडे कॉपी होतो आणि ९८ फक्त त्याच्याशी बोलतं. सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर ४.११ पासून किमान प्रोटोकॉल एसएमबी २ केलेला आहे, तो सेटिंगमध्ये खाली आणून एनटी १ (म्हणजे एसएमबी १) करावा लागतो. एवढंही नको असेल तर ९८ मध्ये एफटीपीची कमांड आहेच. चार ओळींची बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवा, पोरगा डबल क्लिक करेल आणि फाइली येतील. ना डोमेन, ना पासवर्डची पाटी.

जुनं_खोड

स्वातीताईंशी सहमत. लिनक्सचा पीसी मध्ये ठेवलात तर ९८ ला इंटरनेटचा गेटवे अजिबात देऊ नका. त्या मशिनला बाहेर काही काम नाही.

सोलापूरकर_हार्डवेअर

छोट्या नावाने शेअर केलं, दिसलं. आभार, नाशिककर.

स्वातीताई, रागावण्यासारखं काही नाही. पॅच बघितला, टाकलेला आहे. मालकांशी बोललो. सर्व्हर बदलायचं दिवाळीनंतर बघू म्हणाले, पण दोन लॅन कार्डांचा पीसी त्यांना लगेच पटला, कारण त्यात खर्च नाही. तोवर ९८ चा गेटवे काढून टाकलाय. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र जागेवरच ठेवलाय, म्हणे अडीअडचणीला असू दे.

एक शेवटची विचारणा. या पीसीचा मदरबोर्ड ४४०बीएक्स चिपसेटचा आहे आणि त्याच्यावरचे दोन कपॅसिटर फुगायला लागलेत. आयएसए स्लॉट असलेला चालू बोर्ड कोणाकडे पडून आहे का? सोलापुरात सगळीकडे फिरलो, दुकानदार हसतात.

लॅनवाला_नाशिक

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा. पण आधी कपॅसिटरच बदलून घ्या की. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही चांगला माणूस करून देईल. त्याला एवढंच सांगा की कमी ईएसआरचे (आतला विद्युतरोध कमी असलेले) लावायचे, साधे लावले तर सहा महिन्यांत परत फुगतात. आणि काम चालू असताना आयएसए कार्ड बाहेर काढून ठेवा. बोर्ड दुसरा मिळेल एक वेळ, ते कार्ड मिळायचं नाही.