इंदूर: खुल्यावरच्या कोंबड्यांची अंडी दुप्पट भावाने घ्यावीत का?

लोकमान्यनगर_इंदूर: नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत सिमरोलकडचा एक जण 'मोकळ्या कोंबड्यांची' अंडी घेऊन येतो. भाव दुकानातल्या पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट. बलक चांगला केशरी असतो. धाकटीला डब्यात रोज अंडं लागतं आणि सासऱ्यांचं ड जीवनसत्त्व तपासणीत बरंच कमी आलंय. पोषणात खरंच फरक पडतो का? घेताना काय बघता?

परसबाग_राजेंद्रनगर: पडतो ताई, पण सगळ्यात नाही. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात प्रथिनं साधारण 6 ग्रॅम, कोंबडी पिंजऱ्यातली असो की शिवारातली. डब्यासाठी दुकानातलं अंडं खुशाल द्या, मुलीचं काही अडत नाही.

बदलतं ते बलकातलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या 2010 च्या अभ्यासात कुरणावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ई जीवनसत्त्व दुप्पट आणि ओमेगा-3 (शरीराला लागणारी एक प्रकारची चांगली चरबी) अडीचपट निघालं. हिरवा पाला, किडे जे पोटात जातं तेच बलकात उतरतं. ड मात्र उन्हाचं देणं. पायांच्या उघड्या कातडीवर ऊन पडलं की कोंबडी ते स्वतःच तयार करते. जर्मनीत बाहेर सोडलेल्या कोंबड्यांच्या बलकात ते तीन-चार पट आढळलंय.

तरी सासऱ्यांची औषधं बंद करू नका. साध्या अंड्यात ड साधारण 40 युनिट, रोजची गरज 600. तिप्पट धरलं तरी एका अंड्याने ती भरत नाही.

महूकर: रंगावर अजिबात जाऊ नका. खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क घातला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही केशरी होतो. कवच पांढरं की तपकिरी हे जातीवर ठरतं. आपल्या झाबुआच्या कडकनाथचं अंडंसुद्धा काळं नसतं.

त्यापेक्षा एकदा त्याच्याकडे जाऊन या, सिमरोल काही लांब नाही. कोंबड्या पायाने माती उकरताना दिसल्या पाहिजेत, दुपारी झाडाखाली धुळीत लोळताना दिसल्या पाहिजेत. पिसं शाबूत हवीत. आवार उघडंबोडकं, गवताची काडी नाही, तर मोकळं असूनही ओमेगा-3 कुठून येणार? आणि उकिरड्यावर, गॅरेजमागे किंवा भर रस्त्याकडेला चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी मुलांना देऊ नका. तिथल्या मातीतलं शिसं अंड्यात उतरतं.

सुदामानगर_आई: मी दुप्पट पैसे देते ते मुख्यतः कोंबडीसाठी. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला ए-4 कागदाएवढीही जागा नसते, पंख पसरता येत नाहीत. युरोपीय संघाने तसले पिंजरे 2012 पासून बंद केले. परवडत असेल तर मला हे कारण पुरेसं वाटतं.

लोकमान्यनगर_इंदूर: मनापासून आभार. रविवारी जाऊनच येते. आपल्याकडे वैशाखात माळावर गवतच उरत नाही, तेव्हा काय?

महूकर: तेव्हा तो बरसीम (गुरांचा हिरवा चारा) किंवा भाजीचा ताजा पाला टाकतो का, ते विचारा. खाद्यात अळशी मिसळत असेल तर फारच छान, ओमेगा-3 तिनेही वाढतं, अगदी पिंजऱ्यातल्या कोंबडीचंसुद्धा. दोन्ही नसेल तर उन्हाळाभर दुप्पट भाव देऊ नका, पावसाळ्यात हिरवळ आली की पुन्हा सुरू करा.