'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये निम्म्यात अडकलोय, वाचू का सोडू? (आणि सध्या तुम्ही काय वाचताय)

लोकलवाला:
मंडळी, शाळेत लेखक आणि पुस्तक जोड्या लावा यात दोन मार्कांसाठी जी नावं पाठ केली ती पुस्तकं आता पस्तिशीत तरी खरंच वाचायची असं दिवाळीत ठरवलं. सुरुवात झकास झाली. बनगरवाडी दोन दिवसांत संपलं, येऊन जाऊन सव्वाशे पानं, पण शेवटी दुष्काळात गाव रिकामं होतं तिथे बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून बसलेला मी डोळे पुसत होतो आणि शेजारचे काका विचारतायत काय झालं. मग रणांगण, एका रविवारात. १९३९ साली मराठीत कोणी असं लिहिलं होतं, बोटीवर एक मराठी माणूस आणि हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू मुलगी, आणि आम्हाला शाळेत कोणी बोललं नाही!
त्या जोशात हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ला हात घातला आणि तीन आठवडे तिथेच आहे. मोबाईलवर स्कॅन केलेली पीडीएफ, बारीक टाईप, सगळी कथा सांगणारी नायिका यमू एक गोष्ट सांगायला घेते आणि मध्येच दुसरीकडे जाते, परत येते, वाचकाशी गप्पा मारते. आणि तिच्या सासरचे ते शंकरमामंजी आले की फोन खिडकीतून फेकावासा वाटतो. पुढे वेग येतो का? कृपया स्पॉयलर नको.

काथ्याकूट_बंद:
१८९३ सालच्या पुस्तकाला स्पॉयलर 😂 सोडून दे भावा. ऐतिहासिक महत्त्व वगैरे सगळं मान्य, पण आयुष्य एकच आहे. क्लासिक म्हणजे प्रत्येकाला वाचलेलं असायचं असतं आणि वाचायचं कोणालाच नसतं. मी सध्या तुंबाडचे खोत वाचतोय, दोन खंड, उशाला घेता येतील एवढे जाड, तरी अडकलो नाही कुठे. जगबुडी नदी आणि खोतांच्या पिढ्या, बास. (नाही, त्या भुताच्या सिनेमाशी कथेचा संबंध नाही, सिनेमाने नाव तेवढं इथून घेतलंय, दर वेळी कोणीतरी विचारतंच.)

शिळी_भाकरी:
@लोकलवाला तुझं वाचायचं गणित चुकतंय असं वाटतं. हे पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही मुळात. हरिभाऊंनी १८९० मध्ये करमणूक नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ते क्रमशः आलं, पुस्तक नंतर झालं. म्हणजे लोक आठवड्याला एक तुकडा वाचत होते, घरात एक जण मोठ्याने वाचणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं असंही होत असणार. त्यामुळे ती यमू सारखी मागचं सांगते, घुटमळते, कारण मधल्या सात दिवसांत वाचणारा विसरलेला असतो. तू सलग दीडशे पानं ओढतोस म्हणून जड जातंय. सिरियलचे चाळीस एपिसोड एका रात्री बघितले तर कोणाचंही डोकं उठेल.
दिवसाला एकच प्रकरण वाच. जमलं तर मोठ्याने. वाक्यं लांब आहेत पण तोंडाने म्हटलं की कळतं ती बोलायची वाक्यं आहेत, माझी मावशी फोनवर अशीच बोलते, पूर्णविरामच नाही. एका पुरुषाने एका बाईचा 'मी' धरून तो आवाज इतकी शेकडो पानं टिकवलाय, तेही तेव्हा जेव्हा बायकांनी वाचावं की नाही यावरच वाद होते.
मी सध्या कोसला परत वाचतेय. विसाव्या वर्षी त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच असं वाटायचं, हॉस्टेलवर अख्खी पानं म्हणून दाखवायचो. आता एकेचाळिसाव्या वर्षी त्याच्या बापाची बाजू पटायला लागलीय आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. त्याची धाकटी बहीण मनी जाते ते मात्र अजूनही एका बैठकीत वाचवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
यादी पाहून राग आला थोडा. सगळी पुस्तकं घाटाच्या त्या बाजूची! उद्धव शेळक्यांचं धग वाचलं का कोणी? १९६० चं हाय. कौतिक नावाची बाई, नवरा शिंपी, कामात मन नाही, पोरं लहान, आणि ती एकटी संसार ओढते, ओढते, ओढतेच. संवाद पक्के वऱ्हाडी. पुण्याच्या रूममेटला दिलं तर तो म्हणे भाषा कठीण आहे. म्हटलं बाप्पा, आम्ही काहून तुमची भाषा शाळेत बारा वर्षं शिकलो मंग? माझ्या आजीचं बोलणं छापलेलं मी पहिल्यांदा त्याच पुस्तकात पाहिलं.
लोकलमध्ये नको वाचू पण. त्या काकांना परत त्रास होईल.

मीरा_क:
काथ्याकूट, "ऐतिहासिक महत्त्व" असं म्हणून कपाटात टाकायला ते पुस्तक सोपं आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय. (लोकलवाला, पुढचा पॅरा वाचू नकोस.)
ती गोष्ट येत होती तेव्हा बाहेर संमतिवयाच्या कायद्यावरून (मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणारा) रान पेटलेलं होतं, १८९१ मध्ये तो पास झाला आणि वय दहावरून बारा झालं, फक्त बारा, आणि त्यावर पुण्यात एवढा गदारोळ. साधारण त्याच सुमारास कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी विधवांचे केस कापणार नाही म्हणाले. आणि इकडे विधवा झालेल्या यमूचं केशवपन तिच्या मर्जीविरुद्ध, जबरदस्तीने. आमच्याकडे एक जुना ग्रुप फोटो आहे, पणजोबांच्या वाड्यातला. सगळे नटूनथटून बसलेत आणि अगदी कडेला, अर्धी फोटोबाहेर, आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, डोक्यावरून घेतलेली एक बाई. आजी सांगायची ती तिची आत्या. नाव विचारलं तर आजीलाही आठवेना, सगळे 'आत्या'च म्हणायचे. मी 'पण लक्षात कोण घेतो?' त्यानंतर वाचलं.
त्याला जोडून स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र वाचा असं मात्र मी सगळ्यांना सांगते. काळ जवळपास तोच, पण लक्ष्मीबाई टिळक रडत नाहीत, हसवतात. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, ही बाई काही वर्षं वेगळी राहिली, मग स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर गेली, आणि हे सगळं अशा सुरात की शेजारीण ओट्यावर बसून सांगतेय. सध्या तेच तिसऱ्यांदा चालू आहे.

काथ्याकूट_बंद:
मीरा, ओके. तो फोटोचा पॅरा वाचून गप्प बसलो. पीडीएफ शोधतो. खोत संपल्यावर हां.

लोकलवाला:
अपडेट. शिळी_भाकरी यांचं ऐकून लोकलमध्ये वाचणं बंद केलं (तिथे आता धग पण नाही, घाबरलोय). रात्री जेवण झाल्यावर आई भाजी निवडत बसते तेव्हा एक प्रकरण मोठ्याने वाचतो. पहिल्या दिवशी मलाच लाजल्यासारखं झालं, आई म्हणाली बातम्या वाचल्यासारखं वाचू नको, दम घे. तिसऱ्या दिवशी शंकरमामंजी आले आणि आईने जी शिवी घातली ती तिला येते हे मला माहीत नव्हतं. मीराचा पॅरा अर्थातच वाचला, नको म्हटल्यावर कोण थांबतं. आईला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, ती यमूची मैत्रीण दुर्गी सुटते का रे त्या नवऱ्यातून, आणि मी म्हणतो अजून वाचलं नाही.
आज सुट्टी, आईची भिशी आहे.